बारा वाजता खाडी कोरडी असते

तू पाठवलेला फोटो मी भिंग लावून दोनदा वाचला. जुन्या अंकांच्या गठ्ठ्यात ते पान तुला मिळालं, असं तू लिहिलं आहेस. पानाच्या तळाशी एक चौकट आहे आणि चौकटीत इंग्रजीत चार ओळी आहेत. आमच्या पालघरच्या बातमीदार बाईंना घरगुती जबाबदाऱ्यांमुळे यापुढे लिहिता येणार नाही, वाचकांच्या वतीने त्यांना शुभेच्छा. खाली तू विचारलं आहेस, "आजी, ही तूच ना? बाबांसाठी सोडलंस का गं काम?"

हो, ती मीच. आणि नाही, तुझ्या बाबाचा त्यात काडीचा संबंध नाही. तो तेव्हा पाच वर्षांचा होता, शाळेत जात होता आणि स्वतःच्या हाताने जेवत होता. माझ्या घरातली कुठलीही जबाबदारी माझ्या लिहिण्याच्या आड आलेली नव्हती. ती चौकट धादांत खोटी आहे. चार वर्षं त्या मासिकाने मी बाई आहे हे एकाही वाचकाला कळू दिलं नाही. कळू दिलं ते निरोप देताना, कारण तेव्हा माझं बाई असणं त्यांच्या कामाला आलं.

पन्नासहून जास्त वर्षं झाली तरी ती चौकट वाचून माझे कान तापले. तुम्हा तिघा नातवंडांपैकी कुणी ती खरी मानू नये म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहून ठेवते.

माझे वडील पालघरला डॉक्टर होते. त्यांच्याकडे एक छोटी काळी विलायती मोटार होती. ती घेऊन ते गावोगावी रोगी बघायला जात. जाताना ते चालवत आणि येताना मी, कारण परतीच्या वाटेवर त्यांना हमखास डुलकी लागे. सतराव्या वर्षी मी गाडी चालवायला शिकले ती हौस म्हणून नाही, जिवाच्या भीतीने. पुढे मुंबईला कॉलेजात इंग्रजी घेऊन बी. ए. झाले, लग्न झालं आणि आम्ही बोईसरला राहायला आलो. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू झालं होतं. तुमचे आजोबा तिथे एका ठेकेदाराकडे ओव्हरसियर होते. वडिलांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी गाडी मला दिली. भावाला नाही, मला. यावरून घरात दोन वर्षं अबोला होता, पण तो विषय वेगळा.

त्या वेळचं बोईसर म्हणजे स्टेशन, भाताची गोदामं आणि चार दुकानं. त्यात एकाएकी सातारा, नागपूर, कोल्हापूरकडची कुटुंबं येऊन उतरली. चहाच्या टपरीवर हिंदी ऐकू येऊ लागली. डोंगराकडचे लोक पेरणी-कापणी आटोपली की खोदकामावर येत आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत जात. आणि रविवारी मुंबईहून मोटारी येऊ लागल्या. काहीतरी मोठं बांधलं जातंय ते लांबून बघायचं, मग समुद्रावर डबे उघडायचे आणि परतायचं.

या मोटारवाल्यांचं एक इंग्रजी मासिक होतं, मुंबईहून निघायचं. गाडीवेड्यांचं मासिक. कुठला टायर किती मैल टिकला, घाटात इंजिन तापलं तर काय करावं, कार्ब्युरेटर कसा साफ करावा, असे पानेच्या पाने लेख. ओव्हरसियरांपैकी एकजण ते मागवत असे. एका अंकात मनोर ते पालघर रस्त्याची माहिती आली होती. ती लिहिणारा त्या रस्त्याला कधी आलेलाच नव्हता. त्याने उजवं वळण डावं केलं होतं आणि नसलेली नदी ओलांडली होती. मी संपादकांना दोन पानी पत्र टाइप करून पाठवलं, चुका ओळीने दाखवून. त्यांचं उत्तर आलं, "मग तुम्हीच लिहा."

तर मी चार वर्षं लिहिलं. प्रत्येक महिन्याला एक रस्ता. मोटारीतला मैल मोजणारा आकडा बघून वळणं, मोऱ्या, अरुंद पूल, विहिरी, पंक्चर काढून मिळण्याची ठिकाणं टिपायची आणि मग घरी बसून टाइप करायचं. मी चालवायची आणि आजोबा शेजारी वही घेऊन आकडे वाचायचे.

"दोन पूर्णांक चार, मोरी. दोन पूर्णांक सहा, म्हैस."

"अहो, म्हैस नको. ती हलते."

"ही हलणारी दिसत नाही."

साइटवर त्यांना लोक चिडवत, "काय ओव्हरसियर, रविवारी बाईसाहेबांच्या गाडीवर क्लीनर का?" ते म्हणायचे, "पगार नाही, पण जेवण बरं असतं."

मला ते काम आवडत होतं. हे आधी नीट सांगते, नाहीतर पुढचा राग तुम्हाला कळणार नाही. वाणगावच्या रेल्वे फाटकावर किती वेळ थांबावं लागतं आणि त्या वेळात कुठे सावली मिळते, एवढं लिहिलं तर दादरहून एका गृहस्थाचं पत्र आलं होतं की तुमच्यामुळे आमची सहल सुखाची झाली. पत्राची सुरुवात 'डियर सर' अशी. माझं नाव छापत नसत, फक्त 'आमचा पालघरचा बातमीदार'. मी एकदा विचारलं तेव्हा संपादक म्हणाले, "बाई, आमचे वाचक पुरुष आहेत. बाईने सांगितलेल्या रस्त्यावर ते गाडी घालणार नाहीत." मी हसले होते. तेव्हा हसायला नको होतं.

आणखी एका ठिकाणी गप्प बसायला नको होतं. दसऱ्यानंतर आमच्याकडच्या रस्त्यांवर बायामाणसं डोक्यावर गवताचे भारे घेऊन चालतात. भारा एवढा मोठा की चेहरा दिसत नाही, आणि त्यांना मागे वळून बघता येत नाही. मी लिहिलं, या दिवसांत गाडी सावकाश चालवा, भोंगा वाजवू नका, दचकून माणूस भाऱ्यासकट पडतो. अंक आला त्यात ते वाक्य नव्हतं. जागा कमी पडली, असं उत्तर आलं. त्याच पानावर कातडी हातमोज्यांचं कौतुक करणारा अर्धा रकाना होता. मी मनात चरफडले आणि पुढचा रस्ता टाइप करायला बसले. आपलं लिहिलेलं छापून आलेलं बघायची चटक लागली होती मला. दुसरं कारण नाही.

आता खाडीकडे येते.

घिवलीच्या किनाऱ्याकडे जायला मोटारीची एक जवळची वाट होती. वाटेत लहानशी खाडी. तिच्यावर तेव्हा पूल नव्हता, तळाशी दगडी फरशी बांधलेली होती. ओहोटीला फरशी उघडी पडायची, गाडी टायर ओले न करता पलीकडे जायची. भरतीला त्याच फरशीवर पुरुषभर पाणी. हे मला कुणी सांगितलं तर आमच्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी मासळी घेऊन येणाऱ्या मावशींनी. त्या घिवलीच्या. त्यांचा नवरा होडीवर होता, दोघं मुलगेही होडीवरच. मी त्यांना विचारलं, "मावशी, फरशी कधी उघडी असते?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी सूर्य कुठून उगवतो ते विचारलं. "तीत काय हाय आज?"

मला तिथी माहीत नव्हती. त्यांनी कपाळावर हात मारला. "येवढी शिकलेली बाय, आन तीत ठावं नाय."

मग त्यांनी हिशोब शिकवला. तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. तिथून सहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. म्हणून अष्टमीला दुपारी बाराला खाडी कोरडी, आणि पुनवेला-अमावास्येला त्याच बाराला काठोकाठ भरलेली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पाऊणचा पाढा मात्र बोटांच्या पेरांवर तयार होता.

मी अष्टमीला बारा वाजता गाडी घालून बघितली. फरशी खडखडीत कोरडी. तशी मी टिपणं लिहिली. अष्टमीला बाराला आम्ही ओलांडली, असं लिहून पुढे स्पष्ट सांगितलं की वेळ रोज बदलते, निघण्यापूर्वी घरच्या कॅलेंडरात तिथी बघावी आणि असा हिशोब करावा. मुंबईत असं एक स्वयंपाकघर दाखवा जिथे भिंतीवर तिथीचं कॅलेंडर नव्हतं. शेवटी लिहिलं, ही रीत मला घिवलीच्या एका मासळी विकणाऱ्या बाईंनी शिकवली.

मूळ प्रत मुंबईला गेली, कार्बन कॉपी माझ्या फाइलमध्ये. मी प्रत्येक लेखाची कार्बन ठेवत असे.

पुढे दीड-दोन महिन्यांनी एका मंगळवारी मावशी आल्या. टोपली डोक्यावरून उतरवलीच नाही. दारातच उभ्या राहिल्या.

"बाय, तुमी काय लिवलंत आमच्या नावानं?"

"काय झालं, मावशी?"

"काय झालं! म्हातारा चौकीवर बसलाय माजा. आयतवारपासून. जमादार बोलतो, तू मोटर बुडवलीस."

मी त्यांना बसायला सांगितलं. त्या बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं ते असं. रविवारी दुपारी बाराच्या सुमारास मुंबईच्या दोन मोटारी खाडीपाशी आल्या. भरती ऐन भरात होती. त्यांचा नवरा पलीकडच्या काठावर दोर सुकवत होता. त्याने ओरडून, हात हलवून सांगितलं, थांबा, थांबा.

"मग?"

"मग काय. त्यानी पन हात हलवला. मोटरीतली बाय तर रुमाल हलवीत हुती. आन घातली नं पान्यात!"

पहिली मोटार फरशीच्या मध्यावर बंद पडली आणि बाजूला सरकून खाडीत उतरली. माणसं खिडक्यांतून बाहेर आली. मावशींच्या नवऱ्याने आणि आणखी चौघांनी छातीभर पाण्यात उतरून आधी बायामाणसांना काढलं, मग होडी किनाऱ्यावर ओढायचे दोर लावून मोटार काढली. चहा पाजला. आणि संध्याकाळी मोटारीच्या मालकाने चौकीवर तक्रार दिली, की इथल्या मच्छीमारांनी खोटी वेळ सांगून आम्हाला मुद्दाम पाण्यात घातलं. पुरावा म्हणून मासिकाचा अंक दिला.

"त्यात छापलंय म्हने, घिवलीचे मच्छीमार सांगतात. आमी सांगितलं बारा वाजता सुकती? पुनवेला? मला येडी समजता काय तुमी?"

"मावशी, मी असं लिहिलेलं नाही."

"मग कोनी लिवलं? जमादारानी?"

त्या गेल्या. मासळी न देता गेल्या.

माझा अंक टपालाने नेहमी उशिरा यायचा. मी तो मासिक मागवणाऱ्या त्या ओव्हरसियरच्या घरून मागून आणला. पान काढलं. तिथीबद्दलचा पूर्ण परिच्छेद गायब होता. अष्टमी हा शब्दच नव्हता. त्या जागी एक नीटस वाक्य होतं: स्थानिक मच्छीमारांच्या सांगण्यानुसार बारा वाजता खाडी कोरडी असते.

चूक झाली असती तर मी समजू शकले असते. हे नुसतं कापणं नव्हतं. काढलं तर काढलं, वर आपल्या पदरचं वाक्य घातलं, आणि ते वाक्य अशा माणसांच्या तोंडी घातलं जी ते वाचून नाकारू शकणार नाहीत.

आजोबा घरी आले. मी सगळं सांगितलं. ते चहा ढवळत म्हणाले, "संपादक येतील बघ दोन दिवसांत. मोठी माणसं आहेत ती. काय म्हणतात ते ऐक, आणि मिटवून टाक."

"मिटवून म्हणजे?"

"म्हणजे वाद नको. आपल्याला इथे राहायचंय."

"आपल्याला इथे राहायचंय म्हणूनच," मी म्हटलं. "ते मुंबईला जातील परत. मावशी शुक्रवारी याच दारात येणार आहेत."

संपादक दोन दिवसही थांबले नाहीत, दुसऱ्याच सकाळी आले. सोबत मोटारीचे मालक. उंची बूट, पांढरा शर्ट, चेहरा अजून रविवारच्या पाण्यात असल्यासारखा. मी चहा दिला. आपल्याकडे रीत आहे, शत्रूलाही चहा देतात. संपादकांनी पिशवीतून टाइप केलेला कागद काढला.

"बाई, एवढी सही करा. दोनच ओळी आहेत."

मी वाचलं. ज्या मच्छीमारांकडून मी माहिती घेतली त्यांनी मला चुकीची वेळ सांगितली, याबद्दल मला खेद वाटतो.

"हे खोटं आहे," मी म्हटलं.

"बाई, तुम्ही बारा वाजता गेलात ना त्या खाडीतून?"

"गेले."

"कोरडी होती?"

"होती. त्या दिवशी अष्टमी होती."

"झालं तर! आम्ही काय वेगळं छापलं?"

"तुम्ही अष्टमी काढलीत."

ते हसले. "अहो, पंचांग बघून गाडी काढणारा वाचक माझ्याकडे नाही. आमचं मासिक यंत्रयुगाचं आहे. तिथ्या, नक्षत्रं छापायला लागलो तर लोक मला भटजी म्हणतील."

"आणि 'मच्छीमार सांगतात' हे कुठून आणलंत?"

"भाषेत वजन यायला. मासळी विकणारी बाई कसं छापणार?"

मोटारीचे मालक मध्येच म्हणाले, "मॅडम, माझ्या गाडीच्या इंजिनात मीठ गेलंय, मीठ! आणि ते लोक काठावर उभं राहून हात हलवत होते!"

"ते तुम्हाला थांबा म्हणत होते."

"मला वाटलं, स्वागत करताहेत."

यावर आजोबांना ठसका लागला. ते उठून आत गेले. मी मात्र हसले नाही. छातीभर पाण्यात उतरून ज्याने याच्या बायकोला बाहेर काढलं त्या माणसाला या गृहस्थाने तीन दिवस चौकीच्या फरशीवर बसवलं होतं, आणि वर तो मला मिठाबद्दल सांगत होता.

मग संपादकांनी आवाज खाली आणला. "हे बघा, पुढच्या अंकापासून तुमचं नाव छापू. पूर्ण नाव, ठळक अक्षरात. आणि नवीन गाडी चालवून बघून लेख लिहायचा असतो ना आमचा, तोही तुम्हीच लिहा. बाईने लिहिलेला पहिला लेख असेल तो."

मुलांनो, खोटं कशाला सांगू? एक क्षण मला ते हवं होतं. नवं स्टिअरिंग, कुणी न चालवलेली गाडी, आणि खाली माझं नाव. चार वर्षं मी त्याचीच वाट बघत होते. आणि मला ते जमलं असतं, त्या सगळ्या हातमोजेवाल्यांपेक्षा बरं जमलं असतं. हे आठवलं की आजही मला संपादकांपेक्षा त्या क्षणाचा जास्त राग येतो.

"ही सही मी केली तर त्या माणसाचं काय होईल?" मी विचारलं.

"काय व्हायचंय? दम देतील, सोडतील. या लोकांना सवय असते."

ते वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. मी कागद घडी न घालता त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "चहा झाला असेल तर मला चौकीवर जायचंय."

"कशाला?"

उत्तर मी देण्याआधी आजोबा आतून आले. त्यांच्या हातात माझी कार्बनची फाइल होती. ती मी कपाटाच्या वर ठेवत असे, स्टूल घेतल्याशिवाय माझा हात पोचत नसे. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि संपादकांना म्हणाले, "ही सगळं जपून ठेवते हो. मलाही त्रास होतो त्याचा."

संपादकांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा उतरला. "बाई, ही प्रत तुम्ही बाहेर दाखवलीत तर आपला संबंध संपला."

"तो मी आत्ता संपवते," मी म्हटलं. "लेखी हवं असेल तर टपालाने येईल. प्रत ठेवून पाठवीन."

चौकीत जमादार होते, साताऱ्याकडचे. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी कार्बन आणि छापलेलं पान शेजारी शेजारी ठेवून दोन्हींचं मराठी करून सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. माणूस वाईट नव्हता, त्यांनी समुद्र कधी बघितला नव्हता एवढंच.

"म्हणजे वेळ रोज वेगळी?"

"रोज."

"चंद्रावर?"

"चंद्रावर."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. रविवारच्या चौकोनात पौर्णिमेचा गोल होता. किनाऱ्याकडचा एक शिपाई दाराशी उभा होता, तो न राहवून म्हणाला, "सायब, आमच्यात सगल्याना ठावं हाय हे."

"मग तीन दिवस बोलला का नाहीस?"

"कोनी इचारलं नाय."

मी तिथेच बसून जबाब लिहून सही केली, पूर्ण नावाने. मावशींचे यजमान व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले होते. दोर पुरावा म्हणून कोपऱ्यात ठेवलेले, अजून ओले, वास मारत होते. त्यांना सोडलं तेव्हा त्यांनी आधी दोर उचलले, मग माझ्याकडे बघितलं.

"उदान गेलं माजं," एवढंच म्हणाले.

पुनवेच्या मागचे-पुढचे दिवस म्हणजे उधाण, पाण्याला ओढ असते, जाळ्यात मासळी भरते. पंधरवड्यातले तेच कमाईचे दिवस. ते त्यांनी चौकीत काढले, कारण मुंबईत एका टेबलावर कुणालातरी एक शब्द जुनाट वाटला. मी माफी मागितली. ते दोर खांद्यावर टाकून चालू लागले. गाडीतून सोडते म्हटलं, तर मान हलवून नाही म्हणाले. मोटारीचा त्यांना कंटाळा आला असावा.

राजीनामा मी त्याच दुपारी टाइप केला. तीन वाक्यांचा. सोबत दुरुस्ती पाठवली, ती पुढच्या अंकात छापावी अशी मागणी केली. मूळ परिच्छेद जसाच्या तसा, तिथीसकट. छापून काय आलं ते तू मला पाठवलंच आहेस. मी पुन्हा पत्र लिहिलं, मग पुन्हा. उत्तर आलं नाही. उलट वाचकांची चार-पाच पत्रं त्यांनी माझ्याकडे पाठवून दिली. 'डियर मॅडम' असं लिहायला लोक आता शिकले होते. एकाने लिहिलं होतं, स्त्रीने घराला प्राधान्य दिलं हे वाचून समाधान वाटलं. तो कागद मी चुलीत घातला. माझ्या फाइलमध्ये न ठेवलेलं ते एकच पत्र.

पण छापलेला अंक लोकांच्या घरात होता. रविवार येतच होते. पुढच्या अमावास्येच्या रविवारी कुणी फिरकलं नाही म्हणून निभावलं, पण एखाद्या सुट्टीला कुणीतरी बाराच्या ठोक्याला पुन्हा येणारच होतं, आणि काठावरून पुन्हा कुणीतरी हात हलवणार होतं. ते पान मला फाडता येत नव्हतं, त्या वाचकांपर्यंत पोचता येत नव्हतं. म्हणून ते जिथे चुकले असते तिथेच लिहायचं ठरवलं. आजोबांनी साइटवरून पत्र्याचा तुकडा आणला, ट्रकवर नंबर घालणाऱ्या रंगाऱ्याला सांगितलं. मराठीत आणि खाली इंग्रजीत, कोणत्या तिथीला कोणत्या वेळात फरशीवर गाडी घालू नये, असा तक्ता मी तयार केला.

मावशी मासळी घेऊन पुन्हा येऊ लागल्या होत्या. पण नुसत्या भाव सांगायच्या आणि जायच्या. बसायच्या नाहीत. ज्या दिवशी रंगारी पत्रा रंगवायला आमच्या अंगणात येऊन बसला त्या दिवशी मी त्यांना थांबवलं.

"मावशी, रंगवण्याआधी ऐका. कुठे चुकलं तर सांगा."

"मला काय कलतंय वाचलेलं?"

"मी वाचते. तुम्ही फक्त ऐका."

त्यांनी टोपली उतरवली. पायरीवर बसल्या. मी प्रतिपदेपासून वाचायला सुरुवात केली. सहाव्या ओळीपर्यंत त्या मान हलवत होत्या. सप्तमीला त्यांनी हात वर केला.

"थांबा. साती, आठी, नवमी, दशमीला कोन म्हनलं फरशी बुडते?"

"भरतीच्या वेळी बुडणारच ना?"

"भांगाच्या भरतीला जोर नस्तो, बाय. पानी फरशीला लागत पन नाय. चारी दिवस कवा पन जा. उगा लोकाना उनात थांबवाल."

भांग म्हणजे उधाणाच्या उलट, अष्टमीच्या आसपासचे मंद भरतीचे दिवस. मी फाइल काढून माझी कार्बन बघितली. माझ्या मूळ लेखातही मी सगळ्या तिथींना तेच लिहिलं होतं. ज्या प्रतीच्या जोरावर मी संपादकांना घराबाहेर काढलं ती प्रतही अर्धवटच होती.

"हे तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुमी भरती कवा ते इचारलंत. फरशी बुडते का ते कुठं इचारलंत?" त्या म्हणाल्या. "आन लिवून झाल्यावर वाचून दावलंत कवा?"

नव्हतं दाखवलं. चार वर्षांत कुणालाच नव्हतं दाखवलं. संपादकांनी मला कधी छापण्याआधी दाखवलं नाही म्हणून मी एवढी पेटले होते. पेन्सिल घेऊन त्या चार ओळी खोडल्या, वर नवीन लिहिलं.

"आता वाचा," मावशी म्हणाल्या.

मी पहिल्यापासून वाचलं.

"परत."

मी परत वाचलं. या वेळी त्या बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत प्रत्येक तिथी मोजत होत्या. पुनवेपर्यंत आल्यावर त्यांनी रंगाऱ्याकडे बघितलं.

"हां. आता लिव," त्या म्हणाल्या, आणि टोपलीवरचं फडकं बाजूला करून मला विचारलं, "बोंबील देऊ का?"